बाबांनी जमा केलेला नंबर

आमच्या घरात गेम खेळणाऱ्या दोघी. एक मी आणि दुसरी माझी आई. हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग आईचं वय विचारतो. आईचं वय मी सांगू शकत नाही, म्हणजे ती सांगू देत नाही. बाबा मागच्या वर्षी रिटायर झाले आणि ती त्यांच्याहून थोडीशीच लहान आहे, एवढ्यावर भागवून घ्यावं.

तिला मी खेळायला बसवलं ते तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर. आमचं घर जबलपूरला, अधारतालमध्ये, वरच्या मजल्यावर. जिना उतरायची बंदी होती, शेजारणी येऊन येऊन किती येणार, आणि टीव्हीवरच्या सुनांच्या रडण्याचा तिला वीट आला होता. एका सकाळी सिव्हिल लाइन्समधल्या माझ्या ऑफिसला निघताना मी माझा कॉम्प्युटर चालू केला, शेतीचा एक साधा गेम लावून दिला आणि माउस तिच्या हातात देऊन सटकले. संध्याकाळी परत आले तर आई तिथंच बसलेली. स्वयंपाकाचा पत्ता नव्हता. बाबांनी स्वतःपुरते पोहे करून घेतले होते आणि ते तिच्यामागे उभे राहून खात होते.

या गेममध्ये तुम्हाला थोडी पडीक जमीन मिळते, एक झोपडी आणि एक कुत्रा. दगड वेचायचे, पेरायचं, पाणी घालायचं, निघालेला माल बाजारात पाठवायचा. आईचं माहेर वर्ध्याकडचं असलं तरी तिचा शेतीशी संबंध सुट्टीत जाऊन हुरडा खाण्यापुरता. पण स्क्रीनवरच्या शेतात उतरल्यावर तिच्यात कुठून कोण जाणे एक खमकी मालकीण संचारली. मी पुढे होऊन काही सुचवायला गेले की म्हणायची, तू आपलं मारामारीचं खेळ, इथं तुझं काम नाही.

कोंबड्यांना नावं द्यायची त्यात सोय होती. आईनं मला बोलावून इंग्रजी अक्षरांत लिहून घेतली: मोठी नणंद, धाकटी नणंद, नागपूरची जाऊ, मामेसासू. मोठी नणंद अंडं द्यायची नाही. आई म्हणायची, हिचं इथंही तेच. खरी मोठी आत्या घरी आली की आम्ही दोघी आधी कॉम्प्युटर बंद करायचो आणि मग दार उघडायचो.

गुडघा बरा झाला, तरी दुपारचं शेत सुटलं नाही. जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला की ती दोन तास तिथं बसायची. पुढे डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की गेलेली नजर परत येत नसते, उरलेली सांभाळायची. रोज वेळेवर थेंब. तिला समोरचं दिसतं पण कडेचं पुसल्यासारखं झालं आहे, आणि ते पुसणं हळूहळू आत सरकत आहे. रस्ता ओलांडायची तिला भीती वाटते. भाजी निवडताना ताटाबाहेर टाकते. शेतात मात्र ती सराईतपणे फिरायची, कारण तिथलं सगळं तिनं स्वतः मांडलेलं होतं. दारासमोर विहीर, विहिरीच्या उजवीकडे खुराडं, खुराड्यामागे फुलांचा ताटवा, मग कुंपण. सवयीनं तिचा हात तिथं बरोबर जायचा. मी मागून बघत असायचे तेव्हा मला वाटायचं, निदान एवढी एक जागा आहे जिथं आईला कुणाचा हात धरावा लागत नाही.

आता हे शेत होतं कुठं, हे सांगायला हवं. ते होतं माझ्या अकाउंटमध्ये.

हल्ली गेम डबीतून येत नाहीत. इंटरनेटवर मोठमोठी दुकानं आहेत, तिथं आपलं खातं असतं, विकत घेतलेला प्रत्येक गेम त्या खात्यात जाऊन बसतो. आपण कितवं शेत नांगरलं, कितवा राक्षस मारला, तेही सगळं तिकडेच जपून ठेवलं जातं. माझं खातं मी शाळेत असताना उघडलेलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सायबर कॅफे होता. तिथल्या भैयाजवळ कार्ड होतं. आम्ही मुलं त्याला रोख पैसे द्यायचो आणि तो त्याच्या कार्डावरून आम्हाला गेम घेऊन द्यायचा. अधारतालमधल्या निम्म्या पोरांनी असेच गेम घेतले असतील. खातं उघडताना मोबाइल नंबर मागितला गेला. माझ्याकडे मोबाइल नव्हता, आईकडेही नव्हता. घरात एकच नंबर पक्का होता, बाबांचा. तो त्यांना ऑफिसनं दिलेला होता.

बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात भांडार सांभाळायचे. सगळी नोकरी त्यांनी स्टोअरमध्ये काढली. त्यामुळे जगातल्या वस्तूंचे त्यांच्या लेखी दोनच प्रकार: इश्यू झालेल्या आणि जमा झालेल्या. मधल्या अवस्थेतली वस्तू त्यांना सहन होत नाही. घरातही तेच. मी त्यांची छत्री नेली की संध्याकाळी विचारणार, छत्री जमा केली का. लग्न होऊन गेलेल्या चुलतबहिणीकडे आमचा एक कुकर कित्येक वर्षं होता, त्याची आठवण ते प्रत्येक राखीला काढायचे. आई म्हणायची, मला हे माझ्या वडिलांकडून इश्यू करून घेऊन आले, पावतीही असंन कुठं तरी.

माझ्या खात्याचे कोड त्यांच्या फोनवर यायचे. मी कॉलेजसाठी बाहेरगावी होते तेव्हा तर गंमतच होती. मी लॉग इन करायचे आणि दोन मिनिटांत बाबांचा फोन: तुझे आकडे आले, लिहून घे. एकेक आकडा असा सावकाश सांगायचे जसे नटबोल्ट मोजून देत आहेत. हे कसले आकडे, हे त्यांनी कधी विचारलं नाही. नंतर घरचा कॉम्प्युटर घेतला, त्यानं मला ओळखून ठेवलं, कोड यायचे बंद झाले आणि आम्ही सगळेच ते विसरलो.

रिटायर व्हायच्या आधीचा महिना बाबांनी नो ड्यूजमध्ये घालवला. म्हणजे प्रत्येक सेक्शनला जायचं आणि आमचं यांच्याकडे काही येणं नाही अशी सही घ्यायची. लोकांना हा ताप वाटतो. बाबांना तो सोहळा होता. त्यांनी कुलुपं जमा केली, किल्ल्या केल्या, एक जुनी टॉर्च केली जी तिथं कुणाला आठवतही नव्हती. सिमकार्डही जमा करायचं होतं. त्याआधी त्यांनी रीतसर बँकेत, गॅस एजन्सीत, पेन्शनच्या कागदांवर, आधारवर, सगळीकडे नवा नंबर लावून घेतला. घरात फिरून प्रत्येकाला विचारलं, तुमचं काही आहे का माझ्या नंबरावर. आई म्हणाली, डोळ्यांच्या डॉक्टरकडे आहे. तिथंही बदलून आले. गेमलाही नंबर असतो हे आमच्या तिघांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी सिम काढलं, कागदाच्या घडीत ठेवलं, पाकिटात घातलं, पाकिटाला पिन मारली आणि देऊन सही घेतली. मी निरोप समारंभाला गेले होते. समोसे होते, हार होता, आणि बाबांचा चेहरा असा होता जसा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. आता त्यांच्याकडे कुणाचं काही नव्हतं.

पुढे काही महिन्यांनी, भर दुपारी, आईचा ऑफिसात फोन आला.

"अगं, हे निळं होऊन बसलं. काहीच करून नाही राहिलं."

हार्ड डिस्क गेली होती. मी कॉम्प्युटर उचलून मित्राच्या दुकानात नेला.

हा मित्र माझ्या शाळेतला. अधारतालच्या मेन रोडवर त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. रविवारी सकाळी तिथं आमचा अड्डा जमतो: तो, मी आणि माझ्या ऑफिसातला एक सहकारी, जो नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या पुलापलीकडून स्कूटर हाकत येतो. तिघंही गेमवेडे, तिघंही तिशी ओलांडलेले, आणि अनेक वर्षं आमचं एकच भांडण चालू आहे. दुकानवाला डीव्हीडीचा माणूस. त्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे, त्यात त्यानं लहानपणापासूनचे सगळे गेम डब्यांसकट लावून ठेवले आहेत. त्याचं म्हणणं, जो हाथ में नहीं वो आपका नहीं. ऑनलाइन दुकानावर त्याचा काडीचा विश्वास नाही. इंटरनेट गेलं की खेळ बंद, कंपनीची मर्जी फिरली की गेम गायब, वर प्रत्येक कंपनीचं वेगळं दुकान, वेगळं खातं, वेगळा पासवर्ड. एक गेम खेळायचा तर तीन दरवानांना सलाम करायचा.

तिलवारावाला याच्या अगदी उलट. तो म्हणतो, भैया, तुम्हारी डीव्हीडी को फंगस लगती है, मेरे गेम को नहीं लगती. सेल लागला की तो शंभर कामं सोडून गेम घेतो, त्यातले निम्मे कधी उघडतही नाही. कुठलाही कॉम्प्युटर घ्या, लॉग इन करा, आपलं सगळं सामान हजर. दुरुस्त्याही आपोआप होतात. मी दोघांच्या मधली. दुकानवाल्यासमोर तिलवारावाल्याची बाजू घ्यायची आणि तिलवारावाल्यासमोर दुकानवाल्याची, कारण मला भांडण चालू राहिलेलं आवडतं. चहा तेवढा छान लागतो.

त्या रविवारी तिलवारावाला माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला की हार्ड डिस्क गेली तर गेली, चाचीचं शेत तिकडे इंटरनेटवर सुरक्षित आहे, हाच तर आमच्या पार्टीचा फायदा. दुकानवाल्यानंही नाइलाजानं मान हलवली. नवी डिस्क बसली. ऑनलाइन दुकान डाउनलोड झालं. मी पासवर्ड टाकला, तो बरोबर निघाला. मग स्क्रीनवर आलं की तुमच्या मोबाइलवर कोड पाठवला आहे. नंबरचे शेवटचे दोन आकडे दाखवले होते.

ते आकडे बाबांच्या जुन्या नंबरचे होते. तो नंबर एका पाकिटात होता आणि पाकिटाला पिन मारलेली होती.

खरं तर त्याहून वाईट होतं. पाकिटातून निघून तो नंबर आता बाबांच्या जागी आलेल्या साहेबांच्या खिशात होता. ऑफिसचे नंबर खुर्चीला जोडलेले असतात, माणसाला नाही.

आधी मी हे फारसं मनावर घेतलं नाही. कंपनीला लिहिलं. उत्तर लगेच आलं, फार गोड भाषेत. त्यांना माझी अडचण समजली होती आणि वाईटही वाटलं होतं. खातं माझं आहे हे दाखवायला त्यांनी दोन रस्ते दिले. एक, खात्यात दिलेल्या ईमेलवरून लिहा. तो ईमेल शाळेतला, त्याचा पासवर्ड मला आठवत नव्हता आणि तो परत मिळवायचा तर कोड जाणार त्याच नंबरवर. दोन, सुरुवातीची खरेदी ज्या कार्डावरून केली त्याचा पुरावा द्या. कार्ड कॅफेवाल्या भैयाचं. कॅफेच्या जागी आता कोचिंग क्लास आहे. भैया गाव सोडून गेला, कुठं ते कुणालाच नीट सांगता आलं नाही. मी हे सगळं खरं खरं लिहून कळवलं. परत गोड उत्तर आलं. शब्द बहुतेक तेच होते, खालचं नाव वेगळं. मी चिडून चार ओळी खरमरीत लिहिल्या आणि मग पुसून टाकल्या. पलीकडे चिडायला कुणी होतंच की नाही, कोण जाणे.

राहिला एक उपाय. साहेबांना भेटायचं, त्यांच्यासमोर लॉग इन करायचं, त्यांनी फोनवर आलेला कोड वाचून दाखवायचा. एका मिनिटाचं काम. मी बाबांना म्हटलं, चला. बाबा तयार होईनात. जमा केलेली वस्तू परत मागायला जायचं म्हणजे काय, हा त्यांचा मुद्दा. मी म्हटलं वस्तू नाही मागायची, फक्त आकडे मागायचे. ते म्हणाले, आकडे तरी कोणाचे?

आई आतून म्हणाली, "जाऊ द्या न. काहून त्यांना त्रास देता? माझं काय, मी जप करत बसेन."

ती जप करत नाही. कधीच केला नाही. बाबांनी कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढला.

साहेब तरुण होते, नम्र होते. बाबांना बघून उभे राहिले, सर म्हणाले, चहा मागवला. मी माझ्या ऑफिसचा लॅपटॉप उघडून सगळं समजावलं. त्यांना समजलंही, कारण ते स्वतःही कॉलेजात गेम खेळायचे, आणि हल्लीच्या या ऑनलाइन दुकानांनी कसं सोपं केलं आहे यावर आमचं छान बोलणंही झालं. मग ते थांबले. त्यांच्या खुर्चीमागे भिंतीवर एक पोस्टर होतं, ओटीपी कुणालाही सांगू नका असं सांगणारं. नवं दिसत होतं.

"सर, आप बुरा मत मानिए," ते बाबांना म्हणाले. "नंबर सरकारी है. इस पर आया ओटीपी मैं किसी को नहीं दे सकता. कल को कुछ हुआ तो जवाब मुझे देना है."

मी म्हटलं, बँकेचा नाही हो, गेमचा आहे. कोंबड्यांचा आहे. साहेब हसले नाहीत. खजील झाले. वरून परवानगी आली तर देतो म्हणाले, लेखी अर्ज करा. मी मनातल्या मनात तो अर्ज लिहून पाहिला. विषय: रिटायर कर्मचाऱ्याच्या पत्नीच्या काल्पनिक शेतीबाबत. मला हसूही येत होतं आणि रडूही. मी बाबांकडे पाहिलं, की आता तरी हे जुन्या ओळखीनं काही बोलतील. त्यांनी त्या खोलीत आयुष्य घालवलं होतं. बाबांनी चहा संपवला, कप बशीत सरळ ठेवला आणि म्हणाले, "चलो, ठीक है."

जिना उतरताना मी त्यांच्यावर उखडले. तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत, असं मी म्हणाले.

"त्यानं बरोबर केलं," बाबा म्हणाले. "मीही दिला नसता."

स्कूटरवर बसताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि एकदा मागे वळून ऑफिसकडे पाहिलं. रागानं नव्हे. मला वाटतं, आपणच घालून घेतलेल्या नियमाला आयुष्यात प्रथमच ते धडकले होते आणि नियमाला बाजूला हो असंही म्हणवत नव्हतं.

मी साहेबांच्या समोर दोनदा आणि त्याआधी घरी अनेकदा लॉग इन करून पाहिलं होतं. त्याचा परिणाम असा झाला की ऑनलाइन दुकानाला माझाच संशय आला. तुमच्या खात्यात कुणी शिरायचा प्रयत्न करत आहे, म्हणून तुमच्या सुरक्षिततेसाठी खातं बंद ठेवलं आहे, असं कळवण्यात आलं. माझ्यापासून माझं रक्षण चालू होतं.

रविवारी अड्ड्यावर मी हे सांगितलं तेव्हा दोघांनाही चेव चढला. दुकानवाला म्हणाला, मैं बोलता था. तिलवारावाला म्हणाला, चूक दुकानाची नाही, नंबर बदलायचा राहिला ती चूक. घराची किल्ली दुसऱ्याला दिली तर घर काय करणार. दुकानवाला म्हणाला, घर असतं तर कुलूप तोडलं असतं. त्यानं तावातावानं मागचं कपाट उघडलं आणि एक जुना गेम काढला, की बघा, ही वस्तू माझी, कुणाच्या बापाची नाही. आजकालच्या कॉम्प्युटरला डीव्हीडीचा कप्पाच नसतो, म्हणून त्यानं बाहेरून जोडायचा एक शोधून आणला. डीव्हीडी फिरली, गेम चढला, आम्ही तिघंही वाकून बघत होतो. मग एक चौकट आली: खात्री करण्यासाठी कंपनीच्या सर्व्हरशी जोडले जात आहे. बराच वेळ ते जोडलं जात राहिलं. ती कंपनी केव्हाच बुडालेली होती. मित्रानं दुसरी डीव्हीडी लावली, ती चालली. तिसरी अडकली. त्यानं कपाट हळूच लावून घेतलं. त्या दिवशी कुणी जिंकलं नाही आणि चहाही कुणी मागवला नाही.

घरी येऊन मी त्या ऑनलाइन दुकानाच्या अटी वाचायला बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. खातं उघडताना सगळे जसं करतात तसं मीही मान्य आहे म्हणून खूण केली होती. बाबा शेजारी येऊन बसले आणि काय लिहिलं आहे ते विचारू लागले. मी मराठीत सांगत गेले: की तुम्ही गेम विकत घेता असं दिसलं तरी तो तुमच्या मालकीचा होत नाही, तुम्हाला तो वापरायची परवानगी मिळते, ती परवानगी तुम्ही कुणाला देऊ शकत नाही आणि आम्ही ती काढून घेऊ शकतो.

"अच्छा," बाबा म्हणाले. "म्हणजे इश्यू केलेला माल आहे."

मी हो म्हटलं.

"मग जमा झाला तो," ते म्हणाले आणि उठून आत गेले. ज्या माणसाला जमा हा शब्द उच्चारताना मी कायम समाधानी पाहिलं, त्यानं तो त्या दिवशी कसा उच्चारला हे मला लिहिता येणार नाही. नंतरचे काही दिवस त्यांनी आईच्या डोळ्यांत थेंब घालायचं काम स्वतःकडे घेतलं. आधी ते मी करायचे.

शेवटी मी नवं खातं उघडलं, माझ्या नंबरवर, माझ्या कार्डावरून. तोच गेम पुन्हा घेतला. मला वाटलं होतं, आई तक्रार करेल पण रमेल. एका दुपारी सुट्टी काढून तिला बसवलं. स्क्रीनवर पडीक जमीन आली, दगड, झुडपं, झोपडी, कुत्रा. कुत्रा सुरुवातीला असतो तसा पिल्लू होता. आईनं माउस धरला आणि सवयीनं दारातून निघून उजवीकडे वळली. खुराडं असतं तिथं एक मोठा दगड होता. ती त्याला धडकली. परत फिरली आणि झुडपात अडकली. मी म्हटलं, विहीर आपण इथंच करू, सगळं होतं तसंच करू, मी मदत करते. ती डोळे बारीक करून कडेला काय आहे ते बघायचा प्रयत्न करत होती. मान वळवत होती, जशी ती रस्त्यावर वळवते. इतकी वर्षं तिनं या खुर्चीत बसून एकदाही मान वळवली नव्हती.

थोड्या वेळानं तिनं माउस सोडला आणि हात मांडीवर ठेवले.

"राहू दे," ती म्हणाली. "हे शिकायला डोळे पाह्यजेत. तेव्हा होते."

मला एखाद्याचा गळा धरावासा वाटत होता, पण कुणाचा ते ठरवता येईना. साहेबांचं चुकलं नव्हतं, बाबांचं चुकलं नव्हतं. ऑनलाइन दुकानाला तर गळाच नाही. बाबा दाराशी येऊन उभे होते.

आईनं विचारलं, "तिकडं आता काय चालू असंन?"

"कुठं?"

"आपल्या शेतात. दाणापाणी कोण करून राहिलं?"

मी तिला समजावलं की आपण खेळत नसलो की तिथला वेळ थांबतो. तू शेवटचं जिथं सोडलंस तिथंच ते सगळं आहे. कुणाला भूक लागत नाही, पीक वाळत नाही. या गेममध्ये रात्री झोपलं की तिथवरचं जपून ठेवलं जातं आणि पुढची सकाळ उजाडते. तू झोपून उठली होतीस, म्हणजे तिथं सकाळच आहे.

"म्हणजे कोंबड्या आतच आहेत. मी सोडल्या नव्हत्या अजून."

"हो. आतच."

"दार नीट लावलं होतं ना?" बाबांनी दारातून विचारलं.

"लावलं होतं," आई म्हणाली.

बाबांनी मान डोलावली. त्यांना तेवढं पुरलं असावं किंवा पुरल्यासारखं त्यांनी दाखवलं.

आई स्क्रीनकडेच बघत होती. तिथं ते पिल्लू अजून शेपूट हलवत होतं.

"पाह्य न," ती मला म्हणाली, अगदी साध्या आवाजात, भाजी काय आणायची ते सांगावं तसं. "माझंही तसंच होणार आहे. तू असशील, हे असतील, घर असंन. सगळं जागच्या जागी असंन. फक्त मला उघडता नाही येणार."

बाबा आत आले आणि तिच्या शेजारी स्टुलावर बसले. थेंबांची वेळ झाली होती. तिनं मान मागे टाकली, त्यांनी बाटली हलवली आणि मी उठून कॉम्प्युटर बंद केला.